अदृश्य शस्त्र

रहस्यकथेच्या वाचकाची एक ठरीव अपेक्षा असते. खून झाला कीं कोठें तरी शस्त्र असावयाचेंच. मग तो रक्तानें माखलेला सुरा असो, विहिरींत टाकलेलें पिस्तूल असो, किंवा दुधाच्या पेल्याच्या तळाशीं राहिलेली सोमलाची पूड असो. गुप्त पोलिस तें शस्त्र शोधून काढतो आणि त्यावरून तें धरणाऱ्या हातापर्यंत पोंचतो. परंतु शस्त्र डोळ्यांना दिसतच नसेल, घाव घातल्यानंतर आठ दिवसांनीं मनुष्य मरत असेल, आणि ज्या कारणानें तो मेला त्याच कारणानें त्याच देशांत एक कोटीहून अधिक माणसें कोणाच्याहि दुष्टाव्यावांचून मरून गेलेलीं असतील, तर अत्यंत चतुर गुप्त पोलिसालाहि डोक्यास हात लावून बसावें लागेल. ही कल्पना कोणा कादंबरीकाराची नव्हे. सन १९३३ मध्यें कलकत्त्यास हें प्रत्यक्ष घडलें. त्या खुनाचें शस्त्र म्हणजे प्लेगचे जंतु होते, आणि ते मुंबईहून नेलेले होते.

२६ नोव्हेंबर १९३३ या दिवशीं हावडा स्टेशनवर नेहमीसारखीच गर्दी होती. अमरेंद्रचंद्र पांडे नांवाचा वीस वर्षांचा एक तरुण आपल्या नातेवाइकांसह पाकूरला जाण्यासाठीं तेथें आला होता. पाकूर हें त्या वेळीं बिहार-ओरिसा प्रांताच्या संथाळ परगण्यांत मोडणारें व आज झारखंड राज्यांत असलेलें गांव. तेथील मोठ्या जमीनदारीचे दोन वारस होते. धाकटा हा अमरेंद्र, आणि थोरला त्याचा सावत्र भाऊ विनयेंद्रचंद्र. थोरला धाकट्याहून सुमारें दहा वर्षांनीं मोठा. त्या दिवशीं कोणीं बोलाविलें नसतां हा थोरला भाऊहि निरोप देण्यासाठीं स्टेशनवर येऊन उभा राहिला होता.

मंडळी गर्दींतून वाट काढीत असतांना खादी पांघरलेला एक ठेंगणा इसम अमरेंद्राला घासून गेला आणि पाहतां पाहतां गर्दींत दिसेनासा झाला. त्याच क्षणीं अमरेंद्राच्या उजव्या दंडांत कांहीं तरी टोचल्याची तीव्र वेदना उठली. आपल्याला कोणीं तरी टोचलें असें तो मोठ्यानें म्हणाला. बरोबरच्या माणसांचा चेहरा उतरला. गाडी जाऊं द्यावी, कलकत्त्यासच थांबावें आणि रक्त तपासून घ्यावें असा आग्रह त्यांनीं धरला. थोरल्या भावानें मात्र ती गोष्ट हंसण्यावारी नेली. एवढ्याशा टोचण्याचें काय घेऊन बसावयाचें, प्रवास कशाला मोडावयाचा, असें त्यानें सर्वांस पटविलें आणि धाकट्याला गाडींत बसवून दिलें.

तीन दिवसांनीं अमरेंद्र तापानें फणफणलेल्या स्थितींत कलकत्त्यास परत आला. डॉक्टरांनीं दंड पाहिला. इंजेक्शनची सुई टोचल्यावर उमटावी तशी एक खूण त्यांना आढळली. ताप चढत गेला, काखेंत सूज आली, फुप्फुसांतहि विकाराचीं चिन्हें दिसूं लागलीं. ३ डिसेंबरच्या रात्रीं त्याची शुद्ध हरपली आणि ४ डिसेंबरच्या पहाटे तो मरण पावला. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया हें कारण पडलें. येथेंच हा विषय संपावयाचा. आणि ज्यानें हा बेत रचला होता त्याचा हिशोबहि नेमका असाच होता. परंतु रोगी जिवंत असतांना त्याच्या रक्ताचा नमुना तपासणीसाठीं प्रयोगशाळेंत पाठविण्यांत आला होता. मृत्यूनंतर त्याचा निकाल हातीं आला. रक्तांत प्लेगचे जंतु सांपडले होते.

प्लेग हा शब्द त्या काळच्या घरांत नुसता उच्चारला तरी वडील माणसें गप्प होत. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईच्या मांडवी भागांत या सांथीनें प्रथम तोंड वर काढलें. घरांत उंदीर पडले कीं पाठोपाठ माणसें पडावयाचीं. लोक घरांना कुलपें लावून रानांत झोपड्या बांधून राहूं लागले. पुण्यांत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांनाच तो रोग जडला व १८९७ च्या मार्चांत त्यांचें देहावसान झालें. १८९६ ते १९१८ या काळांत हिंदुस्थानांत प्लेगनें १ कोटी २० लाखांहून अधिक बळी घेतले. पुढें तो ओसरत गेला. आणि कलकत्ता शहरांत तर अमरेंद्राच्या मृत्यूपूर्वींच्या तीन वर्षांत या रोगाचा एकहि रोगी आढळलेला नव्हता. जो रोग शहरांत नाहीं तो एका श्रीमंत, सुखवस्तु तरुणाच्या रक्तांत आला कोठून? संशयाचें पहिलें बीज येथें पडलें.

या प्रश्नाचें उत्तर समजण्यासाठीं थोडें मागें जाणें अवश्य आहे. प्लेगचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँग येथें अलेक्झांडर येर्सां या शास्त्रज्ञानें शोधून काढला. मुंबईंत सांथ आली तेव्हां सरकारनें वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञास पाचारण केलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील तुटपुंज्या जागेंत त्यानें काम आरंभिलें. मांसरसाच्या काढ्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवावे, त्या थेंबांच्या आधारानें जंतूंची वाढ छतावरून लोंबणाऱ्या झुंबरासारखी खालीं उतरूं द्यावी, मग तो काढा तापवून सगळे जंतु मारावे आणि त्या मेलेल्या जंतूंची लस टोंचावी, ही त्याची रीत. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यानें ती लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोंचून घेतली. १८९९ मध्यें त्याची प्रयोगशाळा परळ येथील गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानांत गेली, आणि १९२५ पासून त्या संस्थेला हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव मिळालें.

या लशीनें असंख्य जीव वांचले. परंतु तिच्या पोटांत एक अवघड अट दडलेली होती. मेलेल्या जंतूंची लस करावयाची तर जिवंत जंतु सांभाळावे लागतात. ज्या कपाटांत रोगाचा उतारा तयार होतो त्याच कपाटांत रोगहि कांचेच्या नळींत जिवंत ठेवावा लागतो. प्लेगचे जिवंत जंतु राखून ठेवणारी मुख्य संस्था त्या काळीं परळची हीच होती. म्हणूनच ज्याला कलकत्त्यांत प्लेगनें खून करावयाचा होता त्याला सुमारें १२०० मैल दूर असलेल्या मुंबईची वाट धरावी लागली.

खुनाचा हेतु नवा नव्हता. तो जमीनजुमल्याइतकाच जुना होता. वडिलांच्या पश्चात् जमीनदारीचा कारभार थोरल्याच्या हातीं राहिला. धाकटा सज्ञान झाला आणि आपला वाटा मागूं लागला. वाटणी झाली तर थोरल्याची निम्मी सत्ता जाणार. धाकटा गेला तर सारी मिळकत त्याची. १९३२ मध्यें घडलेला एक प्रसंग पुढें या खटल्याच्या संदर्भांत सांगण्यांत येऊं लागला. दोघे भाऊ फिरावयास गेले असतां थोरल्यानें खिशांतून एक चष्मा काढला आणि धाकट्याच्या नाकावर इतक्या जोरानें दाबला कीं कातडी फाटली. त्यानंतर थोड्याच दिवसांत धाकट्याला धनुर्वात झाला. वेळेवर धनुर्वाताचें सीरम टोंचल्यामुळें तो वांचला. चष्म्याला जंतु लावले होते असा संशय पुढें घेण्यांत आला. त्या वेळीं मात्र घरांतील कोणाच्या मनांत तसें आलें असेल तरी तें ओठांवर आलें नाहीं. सख्ख्या नसला तरी भावावर असा आळ कोण घेणार?

विनयेंद्राचा तारानाथ भट्टाचार्य नांवाचा एक डॉक्टर स्नेही होता. या कथेंतील खरा विचार करण्याजोगा पुरुष तोच. जमिनीच्या लोभानें आंधळा झालेला वारस प्रत्येक पिढींत सांपडतो. परंतु त्याच्या लोभाला विद्येचे हात मिळाल्यावांचून हा खून होणें शक्य नव्हतें. मे १९३२ मध्यें भट्टाचार्यानें हाफकिन इन्स्टिट्यूटकडे प्लेगच्या जंतूंची मागणी केली. बंगालच्या सर्जन-जनरलची परवानगी आणा, म्हणजे विचार करूं, असें संस्थेच्या संचालकांनीं कळविलें. पहिल्या दारावरचा पहारा जागा होता.

मग त्यानें वाट बदलली. कलकत्त्यांतील एका डॉक्टरांकडे जाऊन, आपण प्लेगवर औषध शोधून काढलें आहे, तें जंतूंवर आजमावून पाहण्याची संधि तेवढी द्यावी, अशी त्यानें विनंति केली. विनंति वरवर अत्यंत स्तुत्य होती. ज्या देशांत या रोगानें घरेंच्या घरें ओस पाडलीं त्या देशांत त्यावर औषध शोधणाऱ्या तरुण डॉक्टरास कोण नाहीं म्हणेल? त्याला प्रयोगशाळेंत काम करण्याची मुभा मिळाली. मात्र मुंबईहून मागविलेल्या प्लेगच्या जंतूंना हात लावावयाचा नाहीं असा दंडक घालण्यांत आला. शिवाय ते जंतु तेथें नीट वाढलेच नाहींत आणि काम बंद पडलें. दुसरा प्रयत्नहि असा फसला.

१९३३ मध्यें भट्टाचार्यानें त्याच डॉक्टरांचें मन वळवून हाफकिन इन्स्टिट्यूटच्या संचालकांच्या नांवें एक पत्र मिळविलें. या गृहस्थांना त्यांच्या औषधाच्या प्रयोगासाठीं आपल्या संस्थेंत सोय करून द्यावी, अशा आशयाचें तें होतें. त्या उन्हाळ्यांत विनयेंद्रहि मुंबईस येऊन दाखल झाला. संस्थेशीं संबंध असलेल्या दोन पशुवैद्यांना लांच देऊन जंतु बाहेर काढण्याचा प्रयत्न त्या दोघांनीं केला. तोहि साधला नाहीं. आपण खरोखरच प्रयोग करणारे आहोंत असा देखावा उभा राहावा म्हणून विनयेंद्रानें बाजारांत जाऊन उंदीर विकत घेतले. पाकूरच्या जमीनदाराचा वारस मुंबईच्या बाजारांत उभा राहून उंदरांचा भाव करीत आहे, हें दृश्य एखाद्या प्रहसनांत शोभावें असें आहे. त्या उंदरांची पावती पुढें न्यायालयांत पोंचणार आहे हें त्या वेळीं त्याला ठाऊक नव्हतें.

परळचें दार उघडेना तेव्हां त्यांनीं दुसरें दार ठोठावलें. आर्थर रोडवर सांसर्गिक रोगांचें एक रुग्णालय होतें. आज तें कस्तुरबा रुग्णालय या नांवानें ओळखलें जातें. तेथेंहि प्लेगचे जंतु ठेवलेले असत. विनयेंद्रानें तेथील अधिकाऱ्यांना गांठून आपल्या डॉक्टर मित्रास प्रयोगशाळेंत काम करूं द्यावें अशी गळ घातली. यावेळीं परवानगी मिळाली. भट्टाचार्य सुमारें पांच दिवस तेथें गेला. ज्या औषधाचा एवढा बोलबाला केला होता त्याचा एखादा तरी प्रयोग त्यानें केला असें कोठेंहि दिसून आलें नाहीं. १२ जुलै १९३३ च्या संध्याकाळीं त्यानें आपलें काम एकाएकीं आवरतें घेतलें आणि दोघे मित्र कलकत्त्याच्या गाडींत बसले. सामानांत काय आहे हें कोणीं विचारलें नाहीं, आणि विचारलें असतें तरी बोटाएवढी कांचेची नळी कोणाच्या डोळ्यांत भरली नसती. त्यानंतर चार महिन्यांनीं हावडा स्टेशनवर ती सुई टोचली गेली.

फेब्रुवारी १९३४ मध्यें पोलिसांनीं दोघांना अटक केली. तपासाचें काम किती कठीण होतें याची कल्पना श्रोत्यांनींच करावी. सुई सांपडली नव्हती. सुई टोचणारा सांपडला नव्हता. जंतूंची नळी सांपडली नव्हती. मृताच्या अंगावर एका बारीक खुणेवांचून जखम नव्हती. पुढें आरोपींच्या पिंजऱ्यांत जे उभे राहिले त्यांत तो खादी पांघरलेला ठेंगणा इसम नव्हता. मग पोलिसांच्या हातीं होतें तरी काय? त्यांच्या हातीं कागद होते. मुंबईच्या हॉटेलचीं बिलें होतीं. हॉटेलच्या रजिस्टरांत खुद्द विनयेंद्राच्या हस्ताक्षरांत केलेल्या नोंदी होत्या. प्रवासाचे कागद होते, प्रयोगशाळेशीं झालेला पत्रव्यवहार होता, आणि उंदरांची ती पावती होती. एकेक कागद वेगळा घेतला तर त्यांत गुन्हा नाहीं. मुंबईस जाणें हा गुन्हा नव्हे, हॉटेलांत उतरणें हा गुन्हा नव्हे, उंदीर विकत घेणें हाहि गुन्हा नव्हे. परंतु ते सारे तारखेवार मांडले तेव्हां त्यांतून एक वाट दिसूं लागली, आणि ती वाट कलकत्त्यांतील एका रोग्याच्या बिछान्यापाशीं येऊन थांबत होती.

खटला नऊ महिने चालला. बचावाचा मुद्दा वरकरणी सबळ होता. उंदरावरील पिसू चावून माणसाला प्लेग होतो हें सर्वमान्य आहे. मग अमरेंद्राला तशीच एखादी पिसू चावली नसेल कशावरून? या प्रश्नांतच जंतुरूपी शस्त्राची सारी धूर्तता सांठविलेली आहे. सुऱ्याचा घाव सुऱ्यानेंच होतो, परंतु प्लेग निसर्गतःहि होतो, आणि न्यायालयाला संशयाचा फायदा आरोपीस द्यावा लागतो. न्यायालयानें मात्र एका गोष्टीकडे न पाहतां गोष्टींच्या मालिकेकडे पाहिलें. प्लेगविरहित शहर, दंडावरची सुईची खूण, जंतु मिळविण्याची वर्षभराची धडपड, खोट्या औषधाचा बहाणा, आणि ज्याला या मृत्यूचा लाभ त्यानेंच त्या धडपडीसाठीं मुंबईस जाणें, ही मालिका पिसवेच्या चाव्यानें उलगडत नव्हती. मुंबईच्या रुग्णालयांतून चोरलेले जंतु नोव्हेंबरपर्यंत जिवंत राखतां येणें शक्य होतें हेंहि न्यायालयाला पटलें. विनयेंद्र आणि तारानाथ भट्टाचार्य या दोघांना फांशीची शिक्षा झाली. त्यांच्याबरोबर पकडलेले दुसरे दोघे डॉक्टर पुराव्याअभावीं सुटले. जानेवारी १९३६ मध्यें कलकत्ता हायकोर्टानें अपिलांत दोघांची फांशी रद्द करून त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. गुन्ह्यांच्या इतिहासांत हा खटला बहुधा अद्वितीय असावा असा अभिप्राय त्या वेळीं न्यायासनावरून व्यक्त झाला.

हकीकत येथें संपते. तिचा अर्थ मात्र येथून पुढें सुरू होतो. असें शस्त्र मारेकऱ्याला मोहक कां वाटतें? पहिलें कारण काळ. घाव आणि मृत्यु यांच्यामध्यें आठवडा जातो, आणि तेवढ्या अवधींत मारेकरी स्वतः रोग्याच्या उशाशीं बसून अश्रु ढाळूं शकतो. दुसरें कारण रोगाचा बुरखा. मृत्यु दैवाचा वाटतो, आणि दैवावर फिर्याद करण्याची आपली चाल नाहीं. त्या वेळीं वैद्यकाच्या हातीं उपायहि नव्हता. ज्या प्रतिजैविकांनीं प्लेग आज बहुधा बरा होतो तीं १९३३ सालीं निघालेलीं नव्हतीं. तिसरें कारण सर्वांत अस्वस्थ करणारें आहे. सोमल विकत घेणाऱ्याची नोंद परवानेदार दुकानदाराच्या वहींत होत असे. प्लेगचे जंतु ज्या खोलींत होते तिचें दार मात्र एका परोपकारी सबबीनें उघडलें. खुन्यानें तें कुलूप फोडलें नाहीं. आपण रोग बरा करण्यासाठीं आलों आहोंत असें त्यानें सांगितलें आणि सज्जन माणसांनीं तें स्वतःच्या हातानें काढून दिलें.

यावरून सज्जनांनीं विश्वास ठेवणें सोडून द्यावें असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. परक्या संशोधकाला प्रयोगशाळेंत थाराच न देणें हा उपाय हाफकिनच्या काळीं अमलांत असता तर लसहि झाली नसती. निष्कर्ष निराळा आहे. विश्वासाबरोबर विचारपूसहि असली पाहिजे. पहिल्या संचालकांनीं सर्जन-जनरलची परवानगी मागितली यांत त्यांनीं त्या अर्जदाराचा अपमान केला नव्हता. तोच प्रश्न शेवटच्या दारावर पुन्हां विचारला गेला असता तर पाकूरचा तो तरुण कदाचित् वृद्ध होऊन मरता. उलट, ज्या डॉक्टरांना ताप पाहून रक्त तपासून घेण्याची बुद्धि झाली, ज्या हॉटेलवाल्यानें उतारूकडून रजिस्टरांत सही करून घेतली, ज्या दुकानदारानें उंदरांसारख्या क्षुल्लक मालाचीहि पावती फाडली, त्यांपैकीं कोणालाहि आपण खून उघडकीस आणीत आहोंत याची जाणीव नव्हती. त्यांनीं फक्त रोजचें काम नेमकें केलें. अदृश्य शस्त्र पकडलें तें या रोजच्या नेमकेपणानें.

एका माणसानें एका माणसाविरुद्ध जें केलें तेंच पुढें राष्ट्रांनीं राष्ट्रांविरुद्ध केलें. युद्धांत रोगजंतु वापरूं नयेत असा करार १९२५ मध्यें जिनिव्हा येथें झाला होता. तरीहि १९४० च्या ऑक्टोबरांत जपानी विमानांनीं चीनमधील निंगबो शहरावर प्लेगच्या पिसवा टाकल्या आणि शंभरावर नागरिक मेले. असे जंतु बनविण्याची व सांठविण्याचीहि बंदी करणारा करार १९७२ मध्यें झाला व १९७५ मध्यें अमलांत आला. पण कराराचा कागद प्रयोगशाळेच्या आंतल्या खोलीपर्यंत पोंचत नाहीं. २००१ सालीं अमेरिकेंत टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सचे जंतु पाठविण्यांत आले. पांच जण दगावले, सतरा आजारी पडले. हें कृत्य लष्कराच्याच प्रयोगशाळेंत अँथ्रॅक्सच्या लशीवर काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञाचें असावें असा निष्कर्ष तेथील तपासयंत्रणेनें काढला. न्यायालयांत त्याची शहानिशा होण्यापूर्वींच तो शास्त्रज्ञ मरण पावला होता. म्हणजे सत्तर वर्षें लोटल्यावरहि बोट त्याच कपाटाकडे दाखविलें गेलें, जेथें लस आणि रोग शेजारीं शेजारीं ठेवलेले असतात.

प्लेगचे जंतु काढ्यावर वाढतात. विषाणूंची जात त्याहून सूक्ष्म, आणि ते जिवंत पेशींतच वाढतात. म्हणून त्यांना सांभाळण्यास अधिक विद्या आणि अधिक साधनें लागतात. देवीचा रोग १९८० मध्यें जगांतून नाहींसा झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. त्याचे विषाणु मात्र अमेरिकेंत अटलांटा येथें आणि रशियांत कोल्त्सोवो येथें अशा दोन प्रयोगशाळांत अधिकृतपणें राखून ठेवलेले आहेत. ते नष्ट करावे कीं उद्यांच्या औषधासाठीं जपावे, हा वाद शास्त्रज्ञांत दीर्घकाळ चालत आलेला आहे. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखें पुष्कळ आहे. वादाचा निकाल कसाहि लागो. जोंवर ती कुपी आहे तोंवर तिच्या दारावर कोणी तरी जागें असलें पाहिजे, आणि येणाऱ्याचा हेतु कितीहि थोर दिसला तरी त्याला परवानगीचा कागद मागण्याचा संकोच त्या पहारेकऱ्यास वाटतां कामा नये.

अमरेंद्राच्या दंडावर ज्यानें सुई टोचली तो गर्दींत मिसळून गेला. ज्यांनीं ती सुई भरली त्यांना मात्र गर्दींत मिसळतां आलें नाहीं. कारण त्यांच्या वाटेवर ठिकठिकाणीं सामान्य माणसें आपापल्या वह्या उघडून बसलेलीं होतीं. वहींत नांव लिहा, तारीख घाला, सही करा, असें कोणीं म्हटलें कीं शहाणीसुरती माणसेंहि कपाळाला आंठ्या घालतात. पाकूरच्या खटल्यांत न्याय मिळाला तो अशाच कांहीं वह्यांच्या आधारानें.